आधी दुरुस्ती, मग बदल

गेल्या महिन्यात आमच्या पद्मिनीवाल्यांच्या, म्हणजे प्रीमियर पद्मिनी ही जुनी गाडी बाळगणाऱ्यांच्या गटाच्या, भेटीला एक तरुण मित्र नुकतीच विकत घेतलेली गाडी घेऊन आला होता. रंग नवा, चाके नवी, सीटकव्हर नवी, आणि हेडलाइट असे की दिवसाही डोळे दिपावेत. सगळेजण त्या गाडीभोवती जमले आणि भरभरून कौतुक झाले. मी बॉनेट उघडायला सांगितले, तेव्हा ब्रेक ऑइलच्या डबीत तळाशी जेमतेम बोटभर काळपट ऑइल शिल्लक असल्याचे दिसले. त्या मुलाला मी दोष देत नाही. आपण सगळे ज्याचे कौतुक करतो तेच तो शिकला आहे, आणि म्हणूनच हे मला सविस्तर लिहावेसे वाटले.

माझे मत स्पष्ट आहे. जुन्या गाडीत बदल करण्याचा हक्क ती गाडी आधी आपल्या हाताने दुरुस्त करून मिळवायचा असतो. गाडी मूळ स्थितीत कशी चालत होती हे ज्याने अनुभवलेले नाही, त्याने केलेली सुधारणा बहुतेक वेळा आधीच्या बिघाडावर घातलेले पांघरूण असते.

माझी गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसीची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, आणि तिच्याबरोबर या गाडीचे नुसते आवाजावरून निदान करणारे कित्येक मिस्त्रीही कामातून बाहेर पडले. नव्या गॅरेजमधला मुलगा बिघाड दाखवणारा इलेक्ट्रॉनिक स्कॅनर लावायची जागा शोधतो, ती या गाडीत नाही. त्यामुळे स्वतः पाना हातात घेणे हा आपल्यासाठी छंद राहिलेला नाही, गाडी चालती ठेवण्याचा तोच मार्ग उरला आहे.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटात माझी गाडी बंद पडली. पद्मिनी चालवलेल्या प्रत्येकाला हे दुखणे ठाऊक आहे : इंजिनाच्या बाजूला बसवलेला पेट्रोल पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती वाफच ढकलत राहतो, कार्बोरेटरपर्यंत, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागापर्यंत, पेट्रोल पोहोचत नाही. पंपावर ओले फडके टाकायचे, वीस मिनिटे थांबायचे आणि पुढे निघायचे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय. परत आल्यावर मला बहुतेकांनी एकच सल्ला दिला, तो पंप काढून टाक आणि डिकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसव. मी पंप विकतही आणला होता.

बसवण्याआधी जुना पंप खोलून पाहावा असे वाटले. पंप आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये उष्णता अडवणारे जाड फायबरचे पॅकिंग असायला हवे होते. तिथे साधे कागदी गॅस्केट होते. आधी कधीतरी कोणीतरी पंप बदलताना ते जाड पॅकिंग फेकून दिले असावे. ब्लॉकची सगळी धग थेट पंपात उतरत होती, आणि पॅकिंगची जाडी गेल्यामुळे पंपाच्या दांड्याची हालचालही बिघडली होती. आमच्या गटातल्या सांगलीच्या एका सदस्याने केवळ माझ्यासाठी आपल्या गाडीचा पंप खोलून पॅकिंगची जाडी व्हर्नियरने मोजून कळवली. मग मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हायलमच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक फायबरच्या, पत्र्यातून तेवढ्याच जाडीचे पॅकिंग कापून घेतले. इंजिनाला टेकलेली पेट्रोलची नळी क्लिप लावून दूर केली आणि मागे पडलेले टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी पडण्याची वेळ, जुळवले, कारण मागे पडलेल्या टायमिंगनेही इंजिन नाहक तापते. त्यानंतरच्या दोन्ही उन्हाळ्यांत मी तोच घाट न थांबता पार केला.

इलेक्ट्रिक पंप वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. परंतु तो बसवणाऱ्याला काही गोष्टी ठाऊक असल्याच पाहिजेत. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणाऱ्या नव्या गाडीचा पंप साधारण ३ बार दाब देतो, आणि आपल्या कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणाऱ्या सुईला त्याचा दहावा हिस्साही पुरतो. असा पंप जोडला तर सुई दाब धरू शकत नाही आणि पेट्रोल उतू जाऊन गरम इंजिनावर सांडते. दुसरे असे की मूळ पंप इंजिनावर चालतो, त्यामुळे इंजिन थांबले की तोही थांबतो. इलेक्ट्रिक पंप मात्र चावी सुरू असेपर्यंत चालू राहतो, अपघातात नळी तुटली असली तरीही. म्हणून इंजिन बंद पडताच पंपाची वीज तोडणारा स्विच त्याच्यासोबत बसवायलाच हवा. मी पाहिलेल्या गाड्यांपैकी एकीतही तो नव्हता.

हेडलाइटच्या बाबतीतही हाच निष्काळजीपणा होतो. मूळ ४५ वॉटच्या जागी १०० वॉटचे दोन बल्ब लावले की १२ व्होल्टवर साडेसात अँपिअरऐवजी जवळजवळ सतरा अँपिअर प्रवाह त्याच चाळीस वर्षांच्या वायरमधून आणि त्याच स्विचमधून जातो. वायर तापण्याचे प्रमाण प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे साधारण पाचपट. डॅशबोर्डखालून येणारा तो जळका वास मी स्वतः घेतलेला आहे. रात्रीची वेळ होती, मागच्या सीटवर मुलगी झोपली होती, आणि बॅटरीची वायर काढेपर्यंत माझे हात थरथरत होते. रिले (मोठा प्रवाह जोडणारा विजेवर चालणारा स्विच), बॅटरीपासून ओढलेली स्वतंत्र जाड वायर आणि फ्यूज, एवढ्याने मूळ बल्बही पूर्ण तेजाने पेटतात, कारण जुन्या वायरमध्ये वाया जाणारे व्होल्टेज वाचते. बहुतेकांना मग मोठ्या बल्बची गरजच भासत नाही.

इंजिन बदलण्याचा विषय मी थोडक्यात संपवतो, कारण त्यात मला फारसा वाद दिसत नाही. सुमारे चाळीस अश्वशक्तीसाठी बनवलेल्या ड्रम ब्रेकवर दुप्पट ताकदीचे इंजिन बसवणे मला मान्य नाही. कायद्यालाही ते मान्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे, आणि अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनी काय भूमिका घेईल, याचा विचारही ज्याने त्याने करावा.

आता ज्याची खरी निकड आहे ते सांगतो. पंपावर आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या गाड्यांच्या नळ्या, पंपातला डायफ्रॅम (पेट्रोल ओढणारा लवचिक पडदा) आणि कार्बोरेटरची पॅकिंग यांचे रबर त्यासाठी बनवलेले नाही. ते फुगते, मऊ पडते आणि अखेर चिरते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी साचते आणि टाकी आतून गंजते. इथेनॉलला टिकणारी नळी काही शे रुपयांत मिळते आणि ती बदलायला एक स्क्रूड्रायव्हर व अर्धा तास पुरतो. या कामाचा फोटो कोणी टाकत नाही, टाकला तरी त्याला कोणी दाद देत नाही, आणि मला याचेच वाईट वाटते.

दाद कशाला द्यायची हे आपण ठरवले तर चित्र बदलेल. जो सदस्य चुकलेले काम प्रांजळपणे सांगतो, कोणता बोल्ट तुटला, कोणता सुटा भाग बनावट निघाला, कोणते माप चुकीचे घेतले हे लिहून ठेवतो, तो बाकीच्या पन्नास जणांचे श्रम वाचवतो. माझ्या गाडीत दोनशे पानी वही असते. तिच्यात प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि काढलेल्या भागाचे माप लिहिलेले आहे, आणि मूळ भाग टाकून न देता चिठ्ठी बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवलेले आहेत, म्हणजे उद्या ही गाडी ज्याच्याकडे जाईल त्याला ती पुन्हा पूर्वीसारखी करता येईल.

त्या तरुण मित्राशी माझे बोलणे झाले आहे. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता त्याची गाडी माझ्या अंगणात येणार आहे. चारही चाकांचे ब्रेक सिलिंडर खोलून रबर किट बदलायचे, मास्टर सिलिंडर तपासायचा, आणि डॉट ३ प्रतीचे नवे ब्रेक ऑइल भरून नळ्यांतली हवा काढायची, एवढे काम आहे. हवा काढताना ब्रेकचे पेडल दाबायला एक माणूस लागतोच, आणि पाहून शिकायचे असेल त्यांनी जरूर यावे. गाडी जॅकवर नाही, चार भक्कम स्टँडवर उभी असेल. ज्यांच्याकडे जास्तीचे स्टँड आहेत त्यांनी ते सोबत आणावेत, माझ्याकडे दोनच आहेत.