‘परराष्ट्र धोरणातलं आपल्याला काय कळतंय?’ – बरंच कळू शकतं

कुठं युद्ध पेटलं किंवा दोन देशांची बोलणी फिसकटली की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द बदलतात, म्हणणं तेच असतं. परराष्ट्र धोरण हा सामान्य माणसाचा विषय नाही. खरी माहिती गुप्त असते, ती आपल्यापर्यंत येतच नाही. लोक भावनेच्या भरात मतं बनवतात आणि वाटाघाटी करणाऱ्यांचे हात बांधतात. आणि शेवटी, आपल्या रोजच्या जगण्याशी या सगळ्याचा संबंध तरी काय? तेव्हा जाणकारांना त्यांचं काम करू द्या.

हा मजकूर पुढं पाठवणाऱ्यांचा राग मला समजतो. आरडाओरडीच्या चर्चांना मीही कंटाळले आहे. पण गेली काही वर्षं मी एका छोट्या वाचनगटात आंतरराष्ट्रीय करार आणि ठराव लोकांसोबत बसून वाचते आहे. त्या अनुभवावरून सांगते, यातला एकही मुद्दा जसा मांडला जातो तसा उभा राहत नाही.

आधी गुप्ततेचा मुद्दा घेते, कारण वरवर पाहता तोच सगळ्यात भक्कम वाटतो. काही गोष्टी गुप्त असतात आणि असायलाही हव्यात. चालू वाटाघाटीत आपण शेवटी किती माघार घ्यायला तयार आहोत, हे कुणी जाहीर करत नाही. पण वाटाघाटी गुप्त असणं वेगळं आणि झालेला करार गुप्त असणं वेगळं. पहिल्या महायुद्धात ब्रिटन आणि फ्रान्सनं ऑटोमन साम्राज्याचा अरब प्रदेश आपसांत वाटून घेण्याचा करार १९१६ साली, झारच्या रशियाच्या संमतीनं केला, तो सायक्स-पिको करार. ज्यांच्या जमिनीवर रेघा ओढल्या जात होत्या त्यांना याचा पत्ता नव्हता. रशियात सत्ता मिळाल्यावर बोल्शेविकांनी नोव्हेंबर १९१७ मध्ये झारच्या दप्तरातून हे कागद काढून छापले, तेव्हा जगाला कळलं. असे छुपे करार पुन्हा होऊ नयेत म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत १०२ वं कलम आलं. सदस्य देशानं केलेला प्रत्येक करार सचिवालयात नोंदवायचा आणि सचिवालयानं तो प्रसिद्ध करायचा. न नोंदवलेल्या कराराचा आधार संयुक्त राष्ट्रांच्या कुठल्याही अंगापुढे घेता येत नाही. म्हणजे करार लोकांसमोर असावेत ही मागणी भाबड्या आदर्शवाद्यांची नाही, ती थेट सनदेत लिहिलेली आहे.

आणि जे उघड आहे ते तरी आपण वाचतो का? एका बैठकीत आम्ही सुरक्षा परिषदेचा २४२ क्रमांकाचा ठराव घेतला होता. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर, त्या वर्षीच्या २२ नोव्हेंबरला तो एकमतानं संमत झाला. मजकूर जेमतेम पानभर. इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही प्रती समोर ठेवल्या. अलीकडच्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांमधून इस्रायली सैन्यानं माघार घ्यावी, हे त्यातलं कळीचं वाक्य. इंग्रजीत ‘टेरिटरीज’ (प्रदेश) या शब्दाआधी ‘द’ नाही, त्यामुळे नेमके कुठले प्रदेश, सगळे की काही, हे ठरत नाही. फ्रेंचमध्ये मात्र तिथं ‘दे’ आहे आणि त्याचा अर्थ ‘त्या प्रदेशांमधून’ असा होऊ शकतो. इस्रायल इंग्रजीवर बोट ठेवून म्हणतं की सगळा प्रदेश सोडायची अट यात नाही. अरब देश फ्रेंच प्रत दाखवतात, शिवाय युद्धानं प्रदेश मिळवणं अमान्य आहे असं ठरावाच्या प्रस्तावनेतच म्हटलंय, याकडे लक्ष वेधतात.

मग आम्ही ते वाक्य मराठीत करायला बसलो आणि अडलो. मराठीत ‘द’ नाही. ‘व्यापलेल्या प्रदेशांमधून’ असं लिहिलं तर ते दोन्ही अर्थांना चालतं. फरक दाखवायचा तर ‘काही’ किंवा ‘सर्व’ असा शब्द पदरचा घालावा लागतो, आणि तो घातला की आपण एका पक्षात जाऊन बसलो. गटातल्या एक बाई एवढा वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे सगळ्यांनी हात वर करावेत म्हणूनच हे असं मोघम ठेवलं असणार.” राजनयाचा अभ्यास करणारे यालाच रचनात्मक संदिग्धता म्हणतात. बाईंनी त्यावरचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. कागद समोर होता आणि तो नीट वाचायला वेळ दिला होता, एवढंच.

‘गुप्त माहिती ज्यांच्याकडे आहे त्यांना जास्त कळतं’ हेही गृहीत धरू नका. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर दोन दिवसांच्या अंतरानं दोन हल्ले झाल्याचं अमेरिकी सरकारनं सांगितलं. त्या जोरावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना व्हिएतनाममध्ये लष्करी कारवाईचे मोकळे अधिकार देणारा ठराव ७ ऑगस्टला संसदेत गेला. प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. पुढं गोपनीय कागद खुले झाले तेव्हा स्पष्ट झालं की ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला झालाच नव्हता. वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग हे दोनच सिनेटर विरोधात उभे राहिले होते. प्रश्न विचारणारे त्या वेळी आणखी असते तर, हा विचार माझा पाठलाग सोडत नाही.

आता भावनेचा मुद्दा. लोक वाहवत जातात, हे खरं आहे आणि ते मी मान्य करते. इराकनं कुवेत व्यापल्यावर, ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकी संसद सदस्यांच्या एका मानवाधिकार गटापुढे १५ वर्षांच्या कुवेती मुलीनं रडत साक्ष दिली की इराकी सैनिकांनी रुग्णालयातल्या काचपेट्यांमधून नवजात बाळं बाहेर काढून फरशीवर मरायला टाकली. ती साक्ष जगभर दाखवली गेली, युद्धाच्या बाजूनं पुन्हा पुन्हा सांगितली गेली. नंतर उघड झालं की ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची मुलगी होती, साक्षीची तयारी एका जनसंपर्क कंपनीनं करून घेतली होती आणि त्या प्रसंगाला पुरावा मिळाला नाही. पण फसले कोण? फक्त टीव्हीसमोर बसलेले लोक नाहीत. संसद सदस्य फसले, नावाजलेल्या मानवाधिकार संघटनाही फसल्या. लोकांना अंधारात ठेवल्यानं भावनेचा जोर कमी होत नाही, उलट भावना भडकवणाऱ्याला रान मोकळं मिळतं. साक्ष देणारी व्यक्ती कोण, तिला कुणी आणलं, दुजोरा कुणी दिला, हे विचारायची सवय लागली तरच तो जोर ओसरतो.

हात बांधण्याबद्दल स्वित्झर्लंडकडे बघा. संयुक्त राष्ट्रांचं युरोपातलं मुख्यालय जिनिव्हात, तरी त्या संघटनेत जायचं की नाही हे स्विस सरकारला परस्पर ठरवता आलं नाही. १९८६ च्या सार्वमतात चारातल्या तिघांनी ‘नको’ म्हटलं. सरकारनं निकाल मानला, बाजू मांडत राहिलं आणि २००२ मध्ये पुन्हा विचारलं. तेव्हा ५४.६ टक्के होकार आला, कँटनांचं, म्हणजे तिथल्या प्रांतांचं, बहुमत १२ विरुद्ध ११ असं काठावरचं. मतदानाआधी तिथं प्रत्येक मतदाराला सरकारी पुस्तिका मिळते. तिच्यात मूळ मजकूर असतो, सरकारचं म्हणणं असतं आणि विरोधकांचंही असतं. सोळा वर्षं उशीर झाला, हे खरंच. पण एकदा आत गेल्यावर तो निर्णय कुणा एका मंत्र्याचा राहिला नाही.

राहता राहिला ‘रोजच्या जगण्याशी संबंध काय’ हा प्रश्न. १९७३ च्या ऑक्टोबरमधल्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत तेलाचा दर पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला. ज्यांना सिनाई, म्हणजे जिथं ते युद्ध लढलं गेलं तो इजिप्तचा भाग, नकाशावर दाखवता आलं नसतं त्यांनीही ते पैसे भरले. पण मला इथं दुसरीच गोष्ट सांगायची आहे, दुधाच्या दातांची.

१९५० च्या दशकात अमेरिका आणि सोव्हिएत संघ हवेत अणुचाचण्या करत होते. त्यातून स्ट्रॉन्शियम-९० हा किरणोत्सारी पदार्थ गवतावर पडायचा, गाईच्या दुधात उतरायचा आणि कॅल्शियमसारखाच वाढत्या मुलांच्या हाडांत, दातांत जाऊन बसायचा. सरकारी तज्ज्ञ काळजीचं कारण नाही म्हणत होते. सेंट लुइस शहरात काही शास्त्रज्ञ आणि नागरिक एकत्र आले आणि १९५८ च्या अखेरीस त्यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात मागवायला सुरुवात केली. आया दात पाकिटात घालून पाठवायच्या, सोबत मूल कधी जन्मलं, कुठं वाढलं, कुठलं दूध प्यालं याची माहिती. मुलांना त्याबदल्यात एक बिल्ला मिळायचा. असे लाखो दात जमले. डॉ. लुईझ राइस यांनी १९६१ मध्ये पहिले निष्कर्ष छापले: १९५० च्या दशकात जितकं नंतर मूल जन्मलेलं, तितकं त्याच्या दातांत स्ट्रॉन्शियम जास्त होतं. आयांचे मोर्चे निघाले, वर्तमानपत्रांतून वाद झडले. ५ ऑगस्ट १९६३ ला मॉस्कोत अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघानं हवेतल्या, अवकाशातल्या आणि पाण्याखालच्या अणुचाचण्या बंद करण्याच्या करारावर सह्या केल्या. १९६२ मध्ये क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर गेलेल्या संकटाची धास्ती आणि महासत्तांचे स्वतःचे हिशेब त्यामागे होतेच. पण ‘धोका नाही’ हे उत्तर तोपर्यंत चालेनासं झालं होतं, ते या दातांमुळेही.

जागेवर जाऊन तपासणी कशी करायची यावर महासत्तांचं जमलं नाही, म्हणून भूमिगत चाचण्या त्या करारातून सुटल्या. त्या पुढं कित्येक वर्षं चालू राहिल्या. त्यांचा अंश दुधात उतरत नव्हता, आणि लोकांचं लक्षही तोवर दुसरीकडे गेलं होतं.