क्रमांक 23

नाशिकरोडला ‘मी प्रेसमध्ये होतो’ असे सांगितले तर कोणीही मला पत्रकार समजत नाही. आमच्याकडे प्रेस म्हणजे नोटांचा छापखाना. तो 1928 पासून चालू आहे, आणि तिथे मी 31 वर्षे छापील कागद तपासण्याचे काम केले. हे काम ऐकायला सोपे आहे. समोर येणारा प्रत्येक कागद आधीच्या कागदासारखाच असला पाहिजे. तो तसा नसेल, म्हणजे कुठे शाईचा ठिपका पडला असेल किंवा एखादा रंग केसभर सरकला असेल, तर तो बाजूला काढायचा. निवृत्तीनंतर ही नजर माझ्याबरोबर घरी आली. सौभाग्यवतीने केलेल्या पोळ्यांची चवड समोर आली की वरून चौथी पोळी एका अंगाला जरा जास्त पसरली आहे हे मला दिसते, मी ते बोलून दाखवतो, आणि त्या दिवशी पाचवी पोळी मला मिळत नाही.

अशा माणसाला शिल्पउद्यान दाखवावे, हा निर्णय माझ्या भाचीचा. ती पुण्यात शिल्पकला शिकते आणि सुट्टीत नाशिकला आली की मामाच्या सौंदर्यदृष्टीची डागडुजी करणे हे आपले कर्तव्य समजते. गिरणाऱ्याच्या बाजूला, द्राक्षबागा संपून टेकड्या सुरू होतात तिथे, कोणीतरी माळरानावर शिल्पे मांडली आहेत, ती उन्हापावसात तशीच उभी आहेत आणि कला व निसर्ग तिथे एकमेकांत मिसळून गेले आहेत, असे तिने मला सांगितले. मी म्हटले, “मग वेगळे ओळखायचे कसे?” हा प्रश्न तिने विनोद समजून सोडून दिला. पुढचे चार तास मी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होतो.

दिवस श्रावणातला होता. सकाळपासून पावसाची झड लागलेली होती आणि गंगापूर धरणातून पाणी सोडल्याच्या बातम्या येत होत्या. बातमीत पाणी क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर, हे मला पाठ आहे. तरीही काही हजार क्युसेक म्हणजे नेमके किती, हे अस्सल नाशिककराला कळत नाही. त्याला दुतोंड्या मारुती लागतो. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या या मारुतीच्या घोट्याला पाणी लागले, गुडघ्याला लागले की कमरेला, एवढे सांगा, की कुठल्या गल्लीतले दुकान केव्हा रिकामे करायचे ते सराफ बाजाराला आपोआप समजते. आम्ही निघालो तेव्हा पाणी घोट्याला होते. सौभाग्यवतीने तेवढ्यावर बेत रद्द केला नाही, फक्त डब्यात चार दशम्या वाढवल्या.

उद्यानाच्या दारात तिकिटाबरोबर एक नकाशा मिळाला. इतर लोकांनी तो घडी घालून खिशात ठेवला. मी तो उलटसुलट करून प्रकाशाकडे धरला, ही निव्वळ सवय, आणि तिथेच माझा दिवस बिघडला. उद्यानात एकूण 30 शिल्पे असल्याचे वर छापले होते. नकाशावर ठिपकेही 30 होते. मात्र 17 हा क्रमांक दोनदा आला होता, आणि 23 कुठेच नव्हता.

मी खिडकीत बसलेल्या मुलाच्या हे निदर्शनास आणून दिले. तो म्हणाला, “काका, आत सगळं आहे.” ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षे हिशेब जुळेपर्यंत जागचे हलायचे नाही या शिस्तीत काढली, त्याला ‘आत सगळं आहे’ हे उत्तर पुरत नाही. भाचीने माझा दंड धरून मला आत नेले.

पहिले शिल्प लोखंडाचे होते. दोन पुरुष उंचीचा, किंचित कललेला पत्रा, आणि तो संपूर्ण गंजलेला. मी सहानुभूतीने म्हटले की आमच्या सोसायटीच्या फाटकाचेही असेच झाले होते. भाचीने समजावले की हा गंज मुद्दाम धरू दिलेला आहे. या जातीच्या पोलादात तांबे, क्रोमियम असे धातू थोडे मिसळलेले असतात, त्यामुळे वरचा गंज सुटून पडत नाही, घट्ट चिकटून बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो, म्हणून त्याला रंग लावावा लागत नाही. ही माहिती मला खरोखर आवडली. आमच्या फाटकाचा रंग गेली तीन वर्षे वार्षिक सभेत अडकला आहे, आणि आता ‘गंज हाच रंग’ असा ठराव मांडण्याची सोय झाली. पण तपासनीस म्हणून माझी अडचण वाढली. गंज दोष नाही, शेवाळ दोष नाही, तडा गेला तर ते काळाचे हस्ताक्षर. मग सदोष माल म्हणायचे तरी कशाला?

उद्यानाचे खरे जाणकार तिथले रखवालदार निघाले. जवळच्याच गावचे, डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेले हे गृहस्थ आमच्याबरोबर आपणहून चालू लागले. प्रत्येक शिल्पापाशी एक पाटी होती आणि पाटीवर ‘अंतराळ’, ‘मौनाचा उत्तरार्ध’ अशी नावे होती. रखवालदारांची नावे वेगळी होती आणि मला तीच लक्षात राहिली. गंजलेला पत्रा म्हणजे ‘वाकडं कवाड’. संगमरवराची लांबट आकृती म्हणजे ‘मुळा’. पुढे काळ्या पाषाणात कोरलेली एक भलीमोठी उथळ वाटी होती, जिच्यात पावसाचे पाणी साचावे आणि त्यात आभाळ उतरावे, अशी शिल्पकाराची कल्पना होती. ती म्हणजे ‘कढई’.

आम्ही पोहोचलो तेव्हा एक माळी कढईतले आभाळ बादलीने उपसत होता.

“आज कोरडा दिवस,” रखवालदार म्हणाले. साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंडी पडली की आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची सगळी भांडी रिकामी करून घासून कोरडी करायची, हा नियम आपल्याकडे घरोघरी सांगितला जातो, आणि त्यातून कलाकृतीला सूट नाही. भाचीचा चेहरा पडला. सौभाग्यवती मात्र त्या दिवसात प्रथमच प्रसन्न दिसली आणि तिने माळ्याला, कडेला शेवाळ राहिले आहे, तिथे नारळाची शेंडी फिरव, असा सल्ला दिला.

त्यानंतर आला गोटा. पिंपळाखाली एक साधारण कमरेएवढा उंच, गुळगुळीत, वरून निमुळता दगड उभा होता. पाटीवर ‘शीर्षकहीन’ असे लिहिलेले. आता मोकळ्या रानात, झाडाखाली, एकटा उभा असलेला गुळगुळीत दगड शीर्षकाविना राहील, असे ज्याला वाटले तो शिल्पकार बहुधा महाराष्ट्रात फार फिरलेला नसावा. दगडाच्या माथ्यावर शेंदूर होता, पायाशी अर्धा नारळ आणि जास्वंदीची दोन फुले. रखवालदारांनी वहाणा काढल्या. सौभाग्यवतीने वहाणा काढल्या. मीही काढल्या, कारण अशा बाबतीत धोका पत्करणे शहाणपणाचे नाही. बाग खुरपणाऱ्या बायकांनी पहिल्याच पावसाळ्यात इथे शेंदूर लावला, व्यवस्थापनाने तो दोनदा पुसला, तिसऱ्यांदा पुसला त्याच रात्री विहिरीवरची मोटार जळाली, आणि तेव्हापासून व्यवस्थापनच सोमवारी नारळ पाठवते, असे रखवालदारांनी सांगितले. भाची पाच मिनिटे गप्प उभी होती. मग म्हणाली, “मामा, हे सगळ्यात यशस्वी काम आहे.” तिच्या आवाजात थोडी खंत होती, असे मला वाटले.

वाटेत ती मला जगाची सहल घडवत होती. इंग्लंडमधले यॉर्कशायरचे शिल्पउद्यान 1977 मध्ये सुरू झाले आणि ते 500 एकरांवर पसरले आहे. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी 1938 मध्ये सिमेंट आणि तांबड्या जांभ्याची खडी वापरून संथाळ कुटुंबाचे शिल्प उघड्यावर उभे केले. असे बरेच काही. माझे लक्ष पाट्यांवरच्या क्रमांकांकडे होते, पण चंदीगडच्या नेकचंद यांची हकिगत आली तेव्हा मी थांबलो. हे गृहस्थ सरकारी रस्ते निरीक्षक. फुटक्या बांगड्या, तुटक्या कपबश्या, मोडलेल्या फरशा गोळा करून त्यांनी सरकारी जंगलाच्या जमिनीवर, कोणालाही न कळू देता, वर्षानुवर्षे एक पुतळ्यांची नगरीच उभारली. ती उघडकीस आल्यावर सरकारने त्यांना पगार आणि 50 मजूर दिले, आणि 1976 मध्ये ती बाग लोकांसाठी खुली झाली. मी आयुष्यभर जे बाजूला काढले, त्यातून या माणसाने बाग केली. अर्थात मी बाजूला काढलेला माल घरी नेला असता तर सरकारने मला मजूर दिले नसते, खडी फोडायला लावली असती.

एव्हाना 22 शिल्पे पाहून झाली होती. पाऊस वाढला होता. नाशिकची काळी माती ओली झाली की ती चपलेला लागत नाही, चपलेसह राहायला येते. माझ्या प्रत्येक पायाला किलोभर बिऱ्हाड लटकत होते. बावीसनंतर पायवाट सरळ चोविसाकडे जात होती. मी उलटा फिरलो. बांधावर चढलो. एका जुन्या मोटेच्या थारोळ्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि तेच 23 असल्याचे जाहीर केले, रखवालदार म्हणाले, “नाही साहेब, ते मालकांच्या आज्याचं.” मग एक वारूळ मला संशयास्पद वाटले. भाचीने तेही नाकारले, पण नाकारण्यापूर्वी तिने ते क्षणभर निरखले, याची मी नोंद घेतली.

या सगळ्या काळात सौभाग्यवती आमच्याबरोबर नव्हती. ती थोडे पलीकडे, बांबूच्या एका उंच, गोलाकार मांडवाखाली पावसापासून आडोशाला थांबली होती. मांडवावर दोडक्याचा वेल गच्च चढला होता, आणि तिने माळ्याला 20 रुपये देऊन चार कोवळे दोडके पिशवीत टाकले होते. दशम्या तिथेच खाऊ, म्हणाली. उद्यानात बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास मनाई असल्याची पाटी मी तिला दाखवली. ती म्हणाली, “अहो, ही पाटी आहे की शिल्प?” यावर मला उत्तर सुचले नाही आणि आम्ही दशम्या खाल्ल्या.

खाताना मी रखवालदारांना शेवटचे विचारले. त्यांनी सावकाश चटणी संपवली.

“तेवीस म्हशींनी खाल्लं.”

त्याचे असे झाले होते. एका तरुण शिल्पकाराने बांबूचा सांगाडा करून त्यावर ज्वारीचा कडबा विणला होता आणि सुगरणीच्या खोप्यासारखे 12 फूट उंचीचे घरटे उभे केले होते. जूनच्या सुरुवातीला, चारा संपत आलेला आणि पाऊस अजून लागलेला नाही अशा दिवसांत, कुंपण मोडून शेजारच्या मळ्यातल्या चार म्हशी आत शिरल्या आणि सकाळपर्यंत कलाकृतीचा आस्वाद पूर्ण झाला. शिल्पकाराला भीतभीत फोन केला, तर तो आनंदाने ओरडला. कामाचे नावच ‘परतणे’ असे होते. ते निसर्गात परत गेले, आता क्रमांकही काढून टाका, असे त्याने सांगितले. छपाईवाल्याने 23 काढला, आणि ठिपके भरायचे म्हणून 17 पुन्हा टाकला.

भाचीचे डोळे चमकले. हेन्री मूर या थोर इंग्रज शिल्पकाराचे एक प्रचंड ब्राँझ शिल्प खुद्द मेंढ्यांच्या कुरणात उभे आहे, मेंढ्या त्याला अंग घासतात आणि त्याच्या आडोशाला बसतात, हे ती सांगू लागली. मी म्हटले, घासणे ठीक आहे.

“आणि सांगाडा?” मी विचारले. हिशेबात शिल्लक माल दाखवावाच लागतो.

रखवालदारांनी वर बोट केले. आम्ही चौघांनीही वर पाहिले. दोडके लोंबत होते. बांबू दणकट होता, टाकवेना, म्हणून माळ्याने वेल चढवला. सौभाग्यवतीने पिशवी हळूच मांडीआड सरकवली.

बाहेर पडताना खिडकीतल्या मुलाने अभिप्रायाचा कागद पुढे केला, त्यावर पाच चांदण्या होत्या आणि आवडल्या तितक्या रंगवायच्या होत्या. आमच्याकडे नोटेच्या क्रमांकात चांदणी आली, की ती सदोष नोटेच्या जागी छापलेली बदली नोट असते. त्यामुळे त्या पाच चांदण्यांकडे मी बराच वेळ पाहत राहिलो आणि एकही रंगवली नाही. खाली शेऱ्याच्या जागेत सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘क्र. 17 दुबार. क्र. 23 पैकी कडबा म्हशींनी, दोडके चार नग आम्ही. उर्वरित जागेवर.’ तारीख घातली, सही केली. हिशेब जुळला होता, आणि खरे सांगायचे तर त्या चार तासांत मला प्रथमच हलके वाटले.

परतताना सौभाग्यवतीला पूर पाहायचा होता. नदीच्या अलीकडे पोलिसांनी दोर बांधला होता आणि दोराला खेटून निम्मे शहर छत्र्या घेऊन उभे होते. मातकट पाण्यात मारुती कमरेपर्यंत बुडून उभा होता. एक तोंड आमच्याकडे, एक पलीकडे. 2019 च्या ऑगस्टमध्ये तो पुरता दिसेनासा झाला होता, त्याची आठवण शेजारचे लोक एकमेकांना, सगळ्यांना माहीत असूनही, पुन्हा सांगत होते. भाचीने पर्समधून मोबाइल काढला आणि त्यावरचे पावसाचे थेंब ओढणीने पुसून नेम धरला.

मागून एक भाजलेली कणसे विकणारे गृहस्थ म्हणाले, “ताई, घाई करू नका. वरून अजून सोडलंय. अर्ध्या तासात छातीला लागेल, तेव्हा काढा.”

भाचीने मोबाइल खाली घेतला, आणि आम्ही तीन कणसे सांगितली.