ऋण सोडलं, हक्क नाही सोडला

जय ख्रिस्त सगळ्यांना. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

परवा ओळखीतल्या एका ताईंनी इनबॉक्समध्ये विचारलं की तुझी सख्ख्या भावाबरोबर केस चालू आहे आणि तू प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत चर्चमध्ये घ्यायची भाकरी आणि द्राक्षरस) घेतेस, हे कसं चालतं गं तुला? आधी रागच आला, पण हाच प्रश्न मी स्वतःला चार वर्षं विचारतेय, त्यामुळे उत्तर इथेच लिहिते.

पप्पा गेले. मम्मी आधीच गेलेली. नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय) पप्पांनी रिटायरमेंटच्या पैशातून बांधलेलं घर, मृत्युपत्र काही नाही, आम्ही दोघंच भावंडं. स्मरणार्थ भक्ती झाली, जेवणं झाली, ताटं उचलायच्या आत दादाने स्टॅम्प पेपर पुढे केला. हक्कसोड पत्र. "तुझ्या लग्नात पप्पांनी केलंच की सगळं." मी म्हटलं वाचून सांगते, आणि पेपर घेऊन घरी आले.

आपल्यातल्या कितीतरी बायकांना हे माहीतच नसतं म्हणून सांगते. आपल्या ख्रिस्ती लोकांना हिंदू वारसा कायदा लागत नाही, 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि त्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगा मुलगी दोघांना सारखाच वाटा आहे. हे कुठल्याच उपदेशात ऐकलं नव्हतं, वकिलाकडे गेल्यावर कळलं.

सही केली नाही म्हटल्यावर आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) पंचांपैकी दोघं घरी आले, बायबल घेऊन. मत्तय 18:22, सत्तर वेळा सात वेळा क्षमा कर. आणि पौलाच्या पत्रातलं 1 करिंथ 6:7, भावाभावांनी कोर्टात जाण्यापेक्षा अन्याय का नाही सोसून घेत. चहा प्यायले, प्रार्थना केली, जाताना म्हणाले सही करून टाक, आशीर्वाद मिळेल. दादाकडे ते किती वेळा गेले विचारलंत तर एकदाही नाही.

पण खरं सांगायचं तर माझंही काही बरोबर चाललं नव्हतं. मला दादाचा इतका राग होता की त्याच्या मुलाच्या दहावीच्या रिझल्टला मी साधा फोन केला नाही. चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना सुरू झाली की "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" या ओळीला मी गप्प व्हायचे आणि "आम्हाला परीक्षेत आणू नको" ला परत सगळ्यांबरोबर सूर धरायचे. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, कोणाला कळत नाही. असं दीड वर्ष. एका पहिल्या रविवारी भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं आणि मी तसंच पुढे सरकवलं. शेजारच्या काकूंनी बघितलं, दुपारपर्यंत अख्ख्या मंडळीला माहीत.

त्याच दुपारी मत्तयाचा तो 18 वा अध्याय पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. लहानपणापासून पाठ असलेला, पण पाठ असणं आणि वाचणं वेगळं. त्यात येशूने सांगितलेल्या दाखल्यात, म्हणजे गोष्टीत, राजाकडून एका दासाला दहा हजार तलांत कर्ज माफ झालेलं असतं. एक तलांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार, एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं! आणि त्याचं दुसऱ्याकडे येणं किती, तर शंभर दीनार. आजची मजुरी पाचशे धरा, पन्नास हजार रुपये. तीन हजार कोटी माफ झालेला माणूस पन्नास हजारासाठी दुसऱ्याचा गळा धरतो. इथे मी बायबल मिटलं, कारण तो माणूस मीच होते. पण हेही बघा की पन्नास हजार म्हणजे काहीच नाही असं येशू म्हणत नाही. गरिबाची तीन-चार महिन्यांची कमाई आहे ती. येणं खरं आहे.

आणि बावीसाव्या वचनाच्या थोडं आधी पंधरावं आहे, जे पंचांनी वाचलंच नाही. भावाने अपराध केला तर जा, एकांतात त्याला त्याचा दोष दाखव. नाही ऐकलं तर आणखी एकदोघांना घेऊन जा. तरी नाही तर मंडळीला सांग. म्हणजे क्षमेच्या आधी बोलायचं आहे, स्पष्ट, तोंडावर. मी तसंच केलं. एकटी गेले, दादा टीव्ही बघत राहिला. मामांना आणि मावशीला घेऊन गेले, वहिनी आत निघून गेली. मंडळीत लेखी अर्ज दिला, उत्तर आलं घरचं घरात मिटवा. त्यानंतर वाटणीचा दावा टाकला.

मग क्षमेचं काय? ग्लॅडिस स्टेन्स आठवा. 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला तिचा मिशनरी नवरा ग्रॅहम आणि दोन मुलगे, फिलिप दहा वर्षांचा, टिमथी सहाचा, गाडीत झोपलेले असताना जाळून मारले. तिने क्षमा केली असं जाहीर सांगितलं आणि बारिपदाला कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं, पण खटला आपल्या वाटेने चालला, कायद्याची शिक्षा आणि माझी क्षमा या दोन वेगळ्या गोष्टी असं तिचं म्हणणं होतं. दुसरीकडे सिस्टर राणी मारिया ही नन, 1995 मध्ये मध्य प्रदेशात बसमध्ये भोसकून मारलं. तिच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मीने, जेलमध्ये जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली आणि घरच्यांनी त्याच्या सुटकेलाही हातभार लावला. वचन एकच, दोघींनी पाळलं वेगवेगळं. पण दोघींनी ते स्वतः पाळलं, दुसऱ्या कोणी घरी येऊन त्यांच्याकडून सही करून घेतली नाही, माझ्यासाठी मुद्दा तो आहे. अवघड वचन आपण आपल्यावर घ्यायचं असतं. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला "सत्तर वेळा सात, बाई" सांगणारे मी ऐकलेत, तेव्हा त्याच अध्यायातली, लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात बांधायची जात्याची तळी कुठे जाते कोण जाणे.

माझ्याबाबतीत झालं ते असं. दादाची अँजिओप्लास्टी झाली. वहिनी एकटी, मुलगा पुण्याला. मी पाच दिवस डबा नेला. मनात प्रेमबिम काही नव्हतं हो, मनात काहीच नव्हतं, डब्यात मेथीची भाजी होती. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला केस मागे घेतेस का? म्हटलं नाही. मग डबा कशाला आणतेस? म्हटलं वचन आहे म्हणून. तो हसला, टाके नसले तरी छातीला हात लावून हसला, आणि मला रडायला आलं. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती ओळ मी म्हटली. आवाज बारीक होता पण म्हटली.

आधी मन बदलेल मग पाळू, असं थांबले असते तर अजून थांबलेलेच असते. योहान 6 मध्ये शिष्य म्हणतात हे वचन कठीण आहे आणि पुष्कळ जण निघून जातात. त्यांच्यातल्या पेत्रालाही काही कळलं होतं असं वाटत नाही, तो एवढंच विचारतो, प्रभू, आम्ही कोणाकडे जाणार. तेवढ्यावर तो राहिला.

आता ताई, तुमच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. 1 करिंथ 6:7 मला अजून टोचतं. पौल जे म्हणतो ते तिथे लिहिलेलं आहे, मी त्याला वळसा घालू शकत नाही. माझा वकील हिंदू आहे, त्याला मी एकदा ते वाचून दाखवलं तर म्हणाला मॅडम, मग पुढची तारीख घेऊ का. घेतली. कदाचित एक दिवस मी खरंच अर्धं घर सोडून देईन, पण ते मी देईन, कोणी काढून घेणार नाही. आज तरी तेवढी तयारी नाही, आणि ताट हातात घेताना मी देवाला हेच सांगते.

कमेंटमध्ये ते वचन मला समजावून सांगायचं असेल तर जरूर सांगा, ऐकेन. फक्त भावांनो, आधी तुमच्या बहिणीचा वाटा दिलात का तेवढं लिहा.