अप्पा, बेल्ट!

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, सलग दोन मिनिटं टोकण्याची हिंमत आमच्या घरात कुणाचीच नव्हती. सासूबाईंनी संसाराच्या सुरुवातीला तसा प्रयत्न केला होता म्हणतात, पण त्या काळाविषयी घरात फारसं बोललं जात नाही. अप्पा मायकोतून निवृत्त झालेले. कंपनीच्या पाटीवर कधीच बॉश आलं, पण चौकाला अवघं नाशिक अजून मायको सर्कलच म्हणतं आणि अप्पाही स्वतःला मायकोचेच म्हणवतात. ज्या माणसाने उभं आयुष्य डिझेल इंजिनाच्या नोझलमधला केसाएवढा फरक ओळखण्यात घालवलं, त्याला गाडीतलं कुणी काही शिकवावं? शक्य नाही. मग आमच्याकडे नवी गाडी आली आणि तिने पहिल्याच संध्याकाळी त्यांना टोकलं.

गाडी मी चालवत होते. कॉलनीच्या गेटबाहेर पडून गंगापूर रोडला लागलो आणि सुरू झालं. टुंग. टुंग. टुंग.

“ही का ओरडतेय?”

“बेल्ट लावा म्हणतेय, अप्पा.”

“कुणाला?”

“तुम्हाला.”

अप्पांनी वाकून डॅशबोर्ड पाहिला. तिथे अंगावर तिरका पट्टा घेतलेला एक लाल माणूस लुकलुकत होता. “तो ड्रायव्हरसाठी असतो,” त्यांनी निकाल दिला. “तुझाच नीट लागला नसेल. बघ.”

माझा नीट लागला होता. पण अशा वेळी सुनेने बघून घ्यायचं असतं. मी बघितलं.

बाजूच्या सीटच्या गादीत वजन ओळखणारा एक सेन्सर असतो आणि बकलच्या आत एक स्विच. ‘सीटवर कुणीतरी आहे’ आणि ‘बकल मोकळं आहे’ या दोन बातम्या एकदम पोचल्या की दिवा लागतो, आणि गाडीने वेग घेतला की घंटा. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक कारला पुढच्या दोन्ही सीटसाठी ही सोय सक्तीची झाली. त्याच दिवसापासून ड्रायव्हरची एअरबॅग, रिव्हर्सचे सेन्सर आणि वेगाची घंटाही सक्तीची झाली. ती घंटा ८० च्या वर गेलं की अधूनमधून वाजते आणि १२० च्या वर गेलं की वाजतच राहते. आमची आधीची गाडी त्यापूर्वीची होती. ती काहीही बोलायची नाही. अप्पा तिची आठवण अजून काढतात.

अप्पांनी बेल्ट लावायला नकार दिला असं मी म्हणणार नाही. त्यांनी तो ओढला. मायकोच्या ताकदीने ओढला, त्यामुळे तो जागच्या जागी अडकला. हिसका बसला की अडकायचं, हेच तर त्या रिळाचं काम. हळू ओढला की मुकाट येतो. पण अप्पांनी आयुष्यात कुठली गोष्ट हळू ओढलेली नाही. “फॉल्टी पीस आहे,” ते म्हणाले आणि बेल्ट सोडून दिला. मग त्यांनी दाराच्या वरचं हँडल धरलं आणि सीटवरून स्वतःला थोडं वर उचललं. वजन कमी झालं की सेन्सर फसेल, असा त्यामागचा अभियांत्रिकी विचार. सेन्सर फसला की नाही ते कळलं नाही, कारण कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला अप्पांचा हात भरून आला.

पुढच्या खेपेला त्यांनी बेल्ट आधीच बकलमध्ये अडकवला आणि त्याच्यावर बसले. पाठीमागे बेल्ट, पुढे अप्पा. दिवा विझला, घंटा बंद. “बघ, झाली ना शांत?” त्यांचा चेहरा असा फुलला की क्षणभर मलाच गाडीची बाजू घेतल्याची लाज वाटली.

या काळात आमच्या गाडीतला सर्वात शिस्तीचा प्रवासी म्हणजे द्राक्षं. दिंडोरीचे मामा दर हंगामात एक क्रेट भरून देतात. डिकीत नवऱ्याने कायमचा मुक्काम ठोकलेलं सामान असतं, म्हणून क्रेट पुढच्या सीटवर ठेवला. वीस किलोचा ऐवज! गाडीने त्याला लगेच माणूस मानलं आणि टुंग टुंग सुरू केलं. मी क्रेटला बेल्ट लावला. दिंडोरी रोडने घरापर्यंत द्राक्षं अशी सुरक्षित आली की एक मणीही सुटला नाही. अप्पा गेटवर उभे होते. त्यांनी बेल्ट लावून बसलेली द्राक्षं पाहिली आणि त्या दिवशी एकही द्राक्ष तोंडात घातलं नाही.

त्यानंतर ते एकटेच कुठेतरी गेले आणि येताना खिशातून एक लोखंडी जीभ घेऊन आले. बेल्टच्या टोकाला असते तशीच, फक्त तिला बेल्ट नाही. बकलमध्ये खोचायची की गाडीला वाटतं, माणूस बांधून बसलाय. ही वस्तू ऑनलाइनही बेफाम विकली जायची. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्या काढायला लावल्या, तेव्हा तब्बल १३,११८ जाहिराती उतरवाव्या लागल्या. म्हणजे अप्पा एकटे नाहीत, हा देशव्यापी समाज आहे. जीव वाचवणारी वस्तू गाडीसोबत फुकट मिळते आणि ती गप्प करणारी वस्तू लोक पदरचे पैसे मोजून आणतात.

क्लिप मी काढून घेतली. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बकलमध्ये होती. मी पुन्हा काढली. मग ती कुठे गेली ते मला कळेना आणि अप्पांनाही कळेना. पण ते फार वेळ सीटजवळ छत्री घेऊन वाकलेले दिसले.

दुसरा दिवा लागला तो त्यानंतर.

गाडी सुरू केली की सगळे दिवे क्षणभर लागतात आणि आपापली तपासणी करून विझतात. त्या सकाळी सगळे विझले, एक राहिला. यातही पट्टा बांधलेला माणूस होता, पण त्याच्यापुढे एक मोठा गोळा.

घरातले सगळे पार्किंगमध्ये जमले. सासूबाई म्हणाल्या, बाळ मांडीवर घेऊन बसलेली बाई आहे, मुलांना पुढे बसवू नका असं सांगत असेल. (अर्थ चुकला, पण सल्ला अगदी बरोबर.) नवरा म्हणाला, गाडी धुतली की असं होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून परत लावायला सांगितली. हा उपाय ते फ्रीजलाही सांगतात, फक्त तिथे प्लग काढायचा असतो. नाशिकमध्ये गाडी बिघडली की सल्ल्याला तोटा नाही. प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक महिंद्राचा असतो, एक मायकोचा असतो आणि उरलेले अंबडला सुटे भाग बनवत असतात. अप्पा तेवढे गप्प होते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

“आता वाजत तर नाहीये ना?” सासूबाईंनी विचारलं. नाही, वाजत नव्हता, नुसता पेटून होता. “मग झालं,” म्हणत त्यांनी कपाळाची टिकली काढली आणि बरोबर त्या दिव्यावर चिकटवली. मरून रंगाची, मध्यम. दिवा दिसेनासा झाला. मी दोन-चार दिवस तशी गाडी चालवली, आणि डॅशबोर्डला सौभाग्य आल्यासारखं वाटत होतं हे मान्य करायलाच हवं.

पण तो दिवा एअरबॅगचा होता, आणि एअरबॅगच्या दिव्याचा अर्थ माणसाच्या मनासारखा लावता येत नाही. तो पेटलेला असला तर धडकेच्या वेळी एअरबॅग उघडेल याची खात्री नाही. बेल्टमध्येही एक बारीकसा स्फोटक टेन्शनर असतो, धडक जाणवताच बेल्टचा ढिलेपणा क्षणात ओढून घेणारा. तोही याच दिव्याच्या हद्दीत येतो. मुळात एअरबॅग ही बेल्टची मदतनीस. बेल्ट न लावता बसलेला माणूस धडकेत पुढे फेकला जातो आणि पापणी लवायच्या आत फुगलेल्या पिशवीवर उलट जोरात आदळतो. हे मी अप्पांना सांगितलं, तेव्हा त्यांना एकाच गोष्टीचं कौतुक वाटलं. “बेल्टमध्ये दारू भरलीय?” आणि त्यांनी बेल्टकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं.

मी एका सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे लॅपटॉप जोडला, कॉफी दिली आणि अख्खं मॉड्यूल बदलावं लागेल म्हणून एक आकडा सांगितला. त्या आकड्यात मामांच्या द्राक्षांचा एक बरा प्लॉट पेरणीपासून काढणीपर्यंत निघाला असता. (द्राक्षं पेरत नाहीत, हे मामांनी नंतर सुनावलं.) कॉफी तेवढी छान होती.

तिथून अंबडच्या एका गॅरेजमध्ये. तिथल्या पोराने लॅपटॉप बाजूला ठेवला आणि आधी पुढच्या सीटखाली टॉर्च मारला. “मॅडम, इथे कुणी काही खुपसलं होतं का?” सीटखाली पिवळ्या वेष्टनातल्या वायरी आणि पिवळा कनेक्टर होता. एअरबॅगच्या वायरी मुद्दाम पिवळ्या ठेवतात, कुणी उगाच हात लावू नये म्हणून. तो कनेक्टर अर्धा निघाला होता. त्याच्याशेजारी, धुळीत, ती लोखंडी जीभ पडली होती.

एका दिव्याला गप्प करायला आणलेली वस्तू फटीत पडली, तिला छत्रीच्या आकड्याने काढायला गेलेल्या माणसाने वायर ओढली आणि दुसरा दिवा पेटवला. पोराने बॅटरी काढली, काही मिनिटं नुसता थांबला. “आत चार्ज राहतो, लगेच हात घालायचा नसतो. आणि टेस्टर तर लावायचाच नाही, एअरबॅग फुटते,” तो म्हणाला. मग त्याने कनेक्टर टक् करून बसवला, स्कॅनरने जुना एरर पुसला आणि टिकली हळूच नखाने काढून माझ्या हातात दिली. पैसे घेतले ते चहापाण्याएवढे.

क्लिप मी घरी जेवणाच्या टेबलावर ठेवली. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, भाजीकडे पाहिलं आणि विचारलं, “मीठ कमी आहे का आज?”

त्यानंतर अप्पांनी तत्त्वाचा प्रश्न म्हणून मागे बसायला सुरुवात केली. आमच्या गाडीची घंटा मागच्या सीटला नाही. कायदा आहे, तोंड पुढे करून बसणाऱ्या मागच्या प्रवाशांनाही बेल्ट सक्तीचा आहे आणि दंड १,००० रुपये. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्रींची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वाचले, मागे बेल्टविना बसलेले दोघे गेले. हे मी एकदाच सांगितलं, घंटेसारखं पुन्हा पुन्हा नाही. अप्पांनी काही उत्तर दिलं नाही. पण द्वारकेच्या चौकात गाडी अडकली असताना मागून हळूच ‘खट्’ असा आवाज आला. मी आरशात पाहिलं नाही. बघितलं असतं तर त्यांनी काढला असता.

पुढची जागा आता सासूबाईंची. आता वाद त्यांच्याशी. गाडी सुरू झाली की मागून अप्पांच्या सूचनाही सुरू होतात. गिअर बदल, हॉर्न दे, ह्या गल्लीतून कशाला घेतलीस. सासूबाई बेल्ट हातात धरून बसतात, लावत नाहीत. टुंग टुंग वाढतं, आणि त्या आवाजात मागचं काही ऐकू येत नाही.

“आई, बेल्ट लावा ना. मेन रोड आला.”

“थांब गं जरा,” त्या म्हणतात, “यांचं बोलून होऊ दे.”