जेटस्कीचा कार्ब्युरेटर: ‘दीड आटा’ हा नियम नाही

ठाणे-बेलापूरकडच्या बोटवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: दुरुस्तीचं नवीन किट टाकून कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बांधला की पेट्रोल कमी-जास्त करणारे दोन्ही स्क्रू, लो-स्पीड आणि हाय-स्पीड, दीड आटा म्हणजे दीड फेरी उघडा, स्टँडवरच पाइपने पाणी देऊन धूर जाईपर्यंत आवळा, काम झालं. कृपया असं करू नका.

एक तर प्रत्येक मॉडेलचे आटे वेगळे असतात. ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्येच बघायचे, आणि तेही फक्त सुरुवातीसाठी. दुसरं, स्टँडवर जेटस्की ढकलणाऱ्या पंपाला पाण्याचा भार नसतो, त्यामुळे हाय-स्पीडचा स्क्रू तिथे नीट सेट होतच नाही. टू-स्ट्रोक इंजिन थोडा धूर काढणारच. धूर घालवायला स्क्रू आवळत गेलात की पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. मी उघडलेल्या एका इंजिनात एग्झॉस्टच्या बाजूने पिस्टनवर उभे ओरखडे होते आणि स्पार्क प्लग पांढराफटक.

आधी लो-स्पीडचा स्क्रू सेट करा. मग खाडीत भरतीच्या पाण्यात, हाय-स्पीड थोडा जास्तच उघडा ठेवून निघा. फुल थ्रॉटलवर थोडं चालवून तिथेच इंजिन बंद करा, प्लग काढून बघा. त्याचा रंग तपकिरी असायला हवा. आवळायचाच असेल तर एका वेळी आट्याचा आठवा हिस्सा, त्याहून जास्त नाही.

स्टँडवर पाणी देताना आधी इंजिन चालू करा, मग नळ. थांबताना आधी नळ बंद करा, मग इंजिन. उलटं केलंत तर एग्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरतं.