पँटोमाइम म्हणजे मूकनाट्य नव्हे

लेखात इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या हौशी मंडळींच्या वार्षिक 'पँटोमाइम'ला मूकनाट्य म्हटलंय, तेवढं दुरुस्त करा. अहो, हे परीकथेवरचं गाण्या-विनोदाचं नाटक, इतका गोंगाट दुसऱ्या कुठल्या नाटकात नसेल! खलनायक आला की अख्खा हॉल हुर्यो करतो, "तुझ्या मागे आहे, मागे!" म्हणून पोरं घसा फोडतात. 'डेम' हे विनोदी बाईचं पात्र म्हणजे झगा घातलेला बाप्या, नायकाच्या भूमिकेत परंपरेनं मुलगी. नाताळात नाही जमलं तर जानेवारी-फेब्रुवारीत करतात. आमच्या गावच्या प्रयोगात दोघांनी मिळून घेतलेल्या गायीच्या सोंगात मागचे पाय झाला होता आमचा पोस्टमन, आणि पुढचे पाय वळले तरी हा सरळच चालत राहिला. मला आपल्या कोकणातल्या दशावतारातला विनोदी राक्षस संकासुर आठवला. तिथेही प्रेक्षकांची टिंगल, तिथेही बायकांच्या भूमिकेत पुरुष. फक्त तिथे मध्यंतरात रॅफलची, म्हणजे सोडतीची, तिकिटं विकत नाहीत.