मोआ, उंदीर आणि एक तमिळ घंटा

गेल्या पंधरवड्यात एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपांवर आला. सोबत वाळलेल्या, काळपट, नखं अजून शाबूत असलेल्या एका पंजाचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळ रहिवासी माओरींच्या हजारेक वर्षं आधीपासून दुसरीच माणसं राहत होती, मोआ हा महाकाय पक्षी माओरींनी नव्हे, त्यांनी संपवला, तिथे सापडलेली तमिळ घंटा पाहता ही माणसं आपलीच, आणि हे सगळं जगापासून दडवून ठेवलंय. शेवटी नेहमीचंच, 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'.

पंजा खरा आहे, हे आधी मान्य करून टाकतो. 1987 मध्ये माउंट ओवेनवरच्या एका गुहेत तो सापडला. मोआच्या डोंगराळ भागात राहणाऱ्या जातीचा आहे आणि सुमारे 3,300 वर्षांचा आहे. थंड, कोरड्या हवेमुळे कातडीही टिकली. पण गुहेत पक्षी मेला एवढंच त्यातून कळतं. माणूस तिथे होता, हे कुठून आलं? मोआ त्या बेटांवर माणसाच्या लाखो वर्षं आधीपासून होते. पक्ष्याचं वय माणसाला चिकटवायचं, ही या फॉरवर्डची सगळ्यात स्वस्त हातचलाखी.

'दोन हजार वर्षांपूर्वीच्या उंदरांची हाडं मिळालीत' हा मुद्दा मात्र हवेतला नाही. किओरे हा पॅसिफिक उंदीर समुद्र पोहून न्यूझीलंड गाठू शकत नाही, तो माणसाच्या होडीतूनच येतो. म्हणजे उंदीर तिथे माणूस. 1996 मध्ये संशोधक रिचर्ड होल्डवे यांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत उंदरांच्या हाडांची रेडिओकार्बन वयं (अवशेषांतल्या कार्बनवरून काढलेली) छापली आणि ती खरोखरच दोन हजार वर्षांच्या आसपास जात होती. खळबळ उडणारच होती. पण फॉरवर्ड तिथेच थांबतो, संशोधन थांबलं नाही. जॅनेट विल्मशर्स्ट आणि सहकाऱ्यांनी त्याच जागांवरची हाडं पुन्हा तपासली. शिवाय त्यांनी उंदरांनी कुरतडलेल्या बिया घेतल्या, आणि मला यातली खरी हुशारी वाटते ती इथे. हाडातलं प्रथिन नीट शुद्ध झालं नाही, किंवा उंदराच्या खाण्यातच जुना कार्बन आला, तर हाड आहे त्याहून जुनं दिसतं. बी एका हंगामात तयार होते, आणि तिच्यावर दातांच्या खुणा असल्या की उंदीर तिथे होता याला वेगळा साक्षीदार लागत नाही. 2008 मध्ये निकाल आला: हाडं असोत वा बिया, साधारण इ.स. 1280 च्या मागे काहीच जाईना. म्हणजे माणूसही त्याच सुमारास आला.

जुन्या चुलींतल्या कोळशाच्या वयाची गोष्टही तशीच. चारशे वर्षांचं झाड चुलीत गेलं तर कोळसा झाडाचं वय सांगतो, स्वयंपाकाचं नाही. पाडलेल्या वाड्याची तुळई आज जाळली म्हणून आजचं जेवण पेशवाईतलं ठरत नाही! म्हणूनच अल्पायुषी वस्तू शोधतात: बिया, डहाळ्या, अंड्यांची कवचं. (कवचाची ही युक्ती आपल्याकडेही कामी आली. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे नक्षी कोरलेलं शहामृगाच्या अंड्याचं कवच मिळालं. तिथल्या कवचांवरून काळ निघाला तो सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचा. शहामृग आपल्याकडेही होते, हे किती जणांना माहीत असतं?)

वर निसर्गानेच एक रेघ मारून ठेवली आहे. न्यूझीलंडमधल्या तारावेरा ज्वालामुखीचा 1314 च्या सुमाराचा उद्रेक. त्या राखेखाली वस्तीचा एकही निर्विवाद अवशेष मिळालेला नाही.

'मोआ मारणारे वेगळेच लोक होते' ही कल्पना फॉरवर्डवाल्याची स्वतःची नाही, ती दीडशे वर्षं जुनी आहे. 1870 च्या दशकात भूगर्भशास्त्रज्ञ युलियस फॉन हास्ट यांनी 'मोआ-शिकारी' ही माओरींपूर्वीची निराळी जमात मानली होती. न्यूझीलंडमधल्या वैराऊ बार या खडे-वाळूच्या पट्टीने ती कल्पना पुसली. 1939 मध्ये जिम आइल्स नावाच्या शाळकरी मुलाला तिथे पुरलेला माणूस आणि मोआचं अंडं सापडलं. पुढच्या उत्खननात पाणी भरण्यासाठी भोक पाडलेली मोआची अंडी आणि पूर्व पॉलिनेशियन (पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या) घडणीची दगडी हत्यारं एकाच दफनभूमीत निघाली. न्यूझीलंडच्या थंड पाण्यात न मिळणाऱ्या उष्णकटिबंधीय शिंपल्याची छोटी छिन्नीसुद्धा तिथे मिळाली. तिथल्या सांगाड्यांचा डीएनए पॉलिनेशियन. मोआ खाणारे हेच लोक माओरींचे पूर्वज. शिवाय 'मोआ हरवला तसे हरवलो' या अर्थाची म्हण माओरी भाषेत आजही आहे.

'मूठभर माणसं एवढे पक्षी कसे संपवतील?' पटण्याजोगा प्रश्न आहे. पण मोआ कोंबडी नव्हे. हाडांमधल्या वाढीच्या रेषा सांगतात, त्यांना पूर्ण वाढायला काही जातींत दहा वर्षांपर्यंत लागत, अंडीही एखाद-दुसरंच. अशा पक्ष्याची थोडी वयात आलेली जोडपी दरवर्षी कमी झाली की भरपाई होत नाही. त्यात जंगलं जाळली गेली. 2014 च्या एका अभ्यासानुसार मोआ संपले तेव्हा सगळ्या न्यूझीलंडमध्ये माणसं अडीच हजारांच्या आत होती. त्या अभ्यासाचे पहिले लेखक कोण? तेच उंदीरवाले होल्डवे. आणि 'मोआ आधीच मरणपंथाला लागले होते' म्हणावं, तर त्याच वर्षी 281 मोआंचा डीएनए पाहणाऱ्यांना माणूस येण्यापूर्वी घसरणीची खूणच दिसली नाही.

दडवण्याचा आरोप तर हास्यास्पद आहे. उंदरांचा लेख जगातल्या सर्वांत प्रसिद्ध विज्ञानपत्रिकेत आला आणि घंटा वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे.

राहिली ती घंटा. खरी आहे, काशाची आहे, अक्षरंही तमिळ आहेत. मजकूर काय? 'मोहैदीन बक्ष यांच्या जहाजाची घंटा'. हे नावच सांगतं की जहाज दक्षिण भारतातल्या मुसलमान व्यापाऱ्याचं होतं, त्यामुळे दोन हजार वर्षांची गोष्ट इथेच संपते. एखादी घंटा फुटक्या जहाजाबरोबर वाहत येते, हातोहात विकली जाते. तिच्यासोबत वस्ती, शेत, थडगं, काहीच आलेलं नाही. विल्यम कोलेन्सो या मिशनऱ्याला ती 1836 च्या सुमारास दिसली तेव्हा माओरी बायका तिच्यात बटाटे उकडत होत्या. आणि बटाटा न्यूझीलंडला पोचला तो युरोपीय जहाजांतून, अठराव्या शतकात.